बॅटरीच्या मोटारी आल्या; गॅरेजवाल्यांनी काय करावे?

मोटारीच्या धंद्यात आपल्या समाजाचे किती हात गुंतले आहेत, याची मोजदाद कोणी केल्याचे आम्हाला ठाऊक नाही. पण रत्नागिरीहून हातखंब्याकडे जाताना किंवा चिपळूण, खेड, राजापुरात उतरताना रस्त्याकडेची गॅरेजे पाहिली की अंदाज येतो. इंजिनकाम, डिझेल पंप-नोझल, रेडिएटर, सायलेन्सरचे वेल्डिंग, डेंटिंग-पेंटिंग, सीट कव्हर, भंगार असे एकेक हुन्नर उस्तादाकडून शागिर्दाकडे आले आणि त्यावर घरे चालली. म्हणून बॅटरीच्या व हायब्रिड मोटारींची बातमी ही केवळ हौशी गिऱ्हाइकांची बातमी नव्हे. ती आपल्या रोजीरोटीची बातमी आहे.

प्रथम या गाड्यांतील फरक समजून घेऊ, कारण बाजारात यावर बराच गोंधळ आहे. निव्वळ बॅटरीच्या गाडीत इंजिनच नसते. टाटांची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये आली. ती पुण्याजवळ रांजणगावला तयार होते. पहिल्या मॉडेलची बॅटरी ३०.२ युनिटांची होती. महिंद्रांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या बाजारात मांडल्या. त्या चाकणच्या असून त्यांच्या बॅटऱ्या ५९ व ७९ युनिटांच्या आहेत. म्हणजे हा बदल परदेशातून बोटीने येत नाही, घाट चढून गेले की पलीकडेच त्याचे कारखाने आहेत.

हायब्रिडमध्ये पेट्रोल इंजिनही असते आणि विजेची मोटरही. टोयोटाने १९९७ साली जपानात प्रियस काढली तेव्हापासून ही रीत चालत आली आहे. आपल्याकडे इनोव्हा हायक्रॉस, हायरायडर आणि मारुतीची ग्रँड व्हिटारा या गाड्यांत ती मिळते. ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिडची बॅटरी एका युनिटाहूनही लहान आहे. तिला घरी चार्जिंग लावायचे नसते. ब्रेक मारताना वाया जाणारी शक्ती आणि इंजिनाची जादा ताकद यांवरच ती भरते. मात्र एर्टिगासारख्या गाडीवर ‘स्मार्ट हायब्रिड’ लिहिलेले पाहून कोणी फसू नये. तेथे स्टार्टर-जनरेटर इंजिनाला थोडा हातभार लावतो एवढेच, गाडी केवळ विजेवर एक फूटही चालत नाही.

गाडी घेणाऱ्या व्यापाऱ्याने मात्र जाहिरात बाजूला ठेवून स्वतःच्या रोजच्या फेरीचा हिशेब मांडावा. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे. गाडी लिटरला पंधरा कि.मी. देत असेल तर कि.मी.ला सात रुपये पडतात. बॅटरीची गाडी एका युनिटात सहा कि.मी. धावली आणि युनिटाला दहा रुपये धरले तर पावणेदोन रुपयांच्या आत काम होते. महिन्याला दीड हजार कि.मी. फिरणाऱ्याचे सुमारे आठ हजार वाचतात. गाडीसाठी तीन लाख जादा मोजले असतील, तर तीन वर्षांहून थोड्या अधिक काळात ते वसूल होतात. पण ज्याची गाडी महिन्याला पाचशेच कि.मी. फिरते, त्याला तेच तीन लाख वसूल व्हायला नऊ वर्षे लागतील. नेक्सॉनच्या पहिल्या मॉडेलच्या बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार कि.मी. यांपैकी जे आधी होईल तेवढीच होती, हे येथे लक्षात घ्यावे.

कराचाही फरक मोठा आहे. बॅटरीच्या गाडीवर ऑगस्ट २०१९ पासून जीएसटी ५ टक्के आहे. २२ सप्टेंबर २०२५ च्या नव्या दरांनुसार मोठ्या हायब्रिडवर ४० टक्के आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणात बॅटरीच्या मोटारींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू येथे टोलमाफी आहे. यांतला एकही रस्ता रत्नागिरी जिल्ह्यात नाही. आपल्या वाट्याला २०११ पासून रखडत आलेले मुंबई-गोवा महामार्गाचे काम आले, तेव्हा या माफीचा आनंद बेताचाच.

कोकणची म्हणून काही पथ्ये आहेत, ती शोरूममध्ये कोणी सांगेलच असे नाही. घरी चार्जिंगला पंधरा अँपिअरचा सॉकेट चालतो, पण अर्थिंग पक्के हवे. आपल्या जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल राहत नाही आणि अर्थिंग नावापुरते उरते. कोळसा-मीठ घालून खड्डा करावा, त्यात पाणी टाकत राहावे आणि वायरमनकडून तपासून घ्यावे. दुसरे असे की, ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या गावांनी कित्येक दिवस अंधारात काढले. अशा गावी घरातली एकमेव गाडी बॅटरीची असावी काय, याचा विचार व्हावा. हायब्रिड अशा वेळी पंपावरच्या पेट्रोलवर चालते. घाटाचे गणितही निराळे आहे. कोल्हापूरला जाताना आंबा घाट चढतीला बॅटरी खातो आणि उतरतीला काही भाग परत देतो. हायब्रिडची लहान बॅटरी मात्र लांब उतारावर लवकर भरते आणि मग इंजिनाचा ब्रेक लागतो. तेव्हा इंजिन अचानक गुरगुरले म्हणून ड्रायव्हरने घाबरू नये.

आता कारागिरांकडे वळू. बॅटरीच्या गाडीत रिंग-पिस्टन नाही, नोझल नाही, क्लच प्लेट नाही, सायलेन्सर नाही. टोयोटाच्या हायब्रिडमध्ये इंजिन असूनही वेगळा स्टार्टर, अल्टरनेटर आणि क्लच नसतो. ब्रेक पॅडही जास्त टिकतात. ज्याचा सगळा धंदा डिझेल पंपावर किंवा सायलेन्सरवर आहे, त्याला दिलासा देण्यासाठी आम्ही खोटे बोलणार नाही. रस्त्यावरच्या जुन्या गाड्या अजून पुष्कळ वर्षे चालतील आणि आजच्या उस्तादाची हयात त्यांवर निघेल. पण पंधरा वर्षांच्या मुलाला आज फक्त पंपकामाला बसवणे आम्हाला शहाणपणाचे वाटत नाही.

दुसरीकडे काही कामे वाढणार आहेत. सस्पेन्शन, टायर, डेंटिंग, सीट ही कामे तशीच राहतात. एसीवाल्याचे महत्त्व तर दुप्पट होते, कारण अनेक गाड्यांत बॅटरी थंड ठेवण्याचे कामही एसीच्या गॅसवरच चालते. मात्र येथे एक चूक महागात पडते. विजेच्या कॉम्प्रेसरमध्ये नेहमीचे पॅग तेल घातले तर आतले इन्सुलेशन बिघडते. कंपनीने सांगितलेले तेलच घालावे आणि त्यासाठी गॅस भरण्याचे यंत्रही वेगळे ठेवावे.

जिवाची गोष्ट त्याहून मोठी. नारिंगी रंगाच्या केबलमध्ये शेकडो व्होल्ट असतात. बारा व्होल्टच्या सवयीने तिला हात लावणे म्हणजे मृत्यूला बोलावणे होय. हायब्रिड गाडी मुकाट उभी असते, पण डॅशबोर्डवर ‘रेडी’ दिवा लागलेला असेल तर इंजिन केव्हाही आपोआप सुरू होते, मग हात कोठेही असो. आधी गाडी बंद करून चावी दूर ठेवावी, बारा व्होल्टची बॅटरी सोडवावी, एक हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घालूनच सर्व्हिस प्लग काढावा, नंतर निदान दहा मिनिटे थांबावे आणि हातमोजे तसेच ठेवून मीटरने तपासावे. पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी तर मुळीच चालू करू नये वा चार्जिंगला लावू नये. २२ जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्या चिपळूणकरांना हे अधिक सांगायला नको.

भंगारवाल्या बांधवांनीही ध्यानात ठेवावे की, बॅटरी कचऱ्याचे नियम २०२२ मध्ये आले आहेत. जुनी लिथियम बॅटरी नोंदणी झालेल्या कारखान्याकडेच गेली पाहिजे. शिशाच्या बॅटरीसारखी ती हातोडीने फोडली तर भडका उडतो.

आखातातून परतलेल्या मंडळींकडे या बाबतीत एक पुंजी आहे. दुबईच्या टॅक्सींमध्ये टोयोटा कॅमरी हायब्रिड वर्षानुवर्षे धावत आहेत. तेथे त्या चालवलेले किंवा दुरुस्त केलेले लोक आपल्या गावांतही सापडतील. त्यांना गॅरेजवर बोलावून चार गोष्टी विचारायला खर्च येत नाही. मुलांसाठी आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड आहे आणि त्याला दहावी पास लागते. आपल्या जवळच्या आयटीआयमध्ये तो आहे का, हे प्रवेशअर्ज भरण्यापूर्वीच जाऊन विचारावे. नसेल तर इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेऊन संध्याकाळी उस्तादाच्या गॅरेजवर बसायला काहीच हरकत नाही.