धानाला पाणी आवडतं म्हणे!

गेल्या आठवड्यात आपण पीककर्जाच्या कागदावर थांबलो होतो. विमा त्याच कागदाला चिकटून येतो. 2020 च्या खरिपापासून तो कर्जदारालाही ऐच्छिक आहे. ऐच्छिक कसा, तर ‘नको’ असं शेवटच्या तारखेच्या सात दिवस आधी बँकेला लेखी द्यायचं. गप्प राहिलात तर हप्ता कापला जातो. तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ कुणाच्या सोयीने लावलाय ते बघा.

आता गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीतली एखादी बांधी डोळ्यांपुढे आणू. रोवणी आटोपली, पाऊस लागला, आठवडाभर पाणी उतरलंच नाही आणि धान सडलं. 2016 च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत शेत पाण्याखाली जाणं ही स्थानिक आपत्ती होती, म्हणजे एकट्याच्या शेताचा पंचनामा होऊन भरपाई मिळू शकायची. 2018 मध्ये नियम बदलले आणि धानाला त्यातून वगळलं. कारण, धान हे जलप्रिय पीक! शिवाय बुडालेल्या पिकाचं नुकसान मोजणं अवघड आणि खोट्या दाव्यांची धास्ती. अडचण मोजणाऱ्याची, भुर्दंड मात्र पिकवणाऱ्याला. धानाच्या बुडख्याशी पाणी हवं, शेंड्यावरून नको, हे मुर्रीत शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

मग उरतं काय? महसूल मंडळाची सरासरी. समजा, मंडळाचं सरासरी उत्पन्न हेक्टरी 30 क्विंटल आणि जोखीमस्तर 70 टक्के. म्हणजे उंबरठा 21 क्विंटलचा. पीक कापणी प्रयोगात मंडळाचा आकडा 22 निघाला, तर कुणालाच छदाम नाही. तुमच्या बांधीत तणसही हाती लागली नसली तरी.

एक गोष्ट कबूल करायला हवी. त्याच 2018 च्या सुधारणेत भरपाईला उशीर झाल्यास 12 टक्के व्याज देण्याचं कलमही आलं. पण व्याजाचा प्रश्न दावा मंजूर झाल्यावरचा.

2025 च्या खरिपात महाराष्ट्राने एक रुपयाचा विमा बंद केला. शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा विमा रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत गेला आणि त्याच वेळी स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान वगैरे घटक काढून निव्वळ कापणी प्रयोग ठेवले. हप्ता वाढला, छत्री आखूड झाली. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने धानाचं बुडणं 2026 च्या खरिपापासून पुन्हा विम्यात घेत असल्याचं जाहीर केलं. पण असे जादा घटक राज्याने आपल्या अधिसूचनेत घेतले तरच लागू होतात. तेव्हा हप्ता भरण्याआधी शासन निर्णयात ‘क्षेत्र जलमय होणे’ हे शब्द धानासमोर आहेत का, ते सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला दाखवायला सांगा.

पुढच्या आठवड्यात दिवाळखोरी: कंपनीसाठी 2016 ची संहिता, आणि गोंदियातल्या साध्या कर्जदारासाठी अजून 1920 चा कायदा.