एक मैदान आणि दोन खेळ

एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत, अशी आपल्याकडे म्हण आहे. मैदानाच्या बाबतींत मात्र सर्वांचा समज उलट असतो. मैदान म्हणजे मोकळी जागा. सकाळीं एकानें खेळावें, संध्याकाळीं दुसऱ्यानें, त्यांत बिघडतें काय? शाळेच्या पटांगणावर विटीदांडू आणि लंगडी शेजारीं शेजारीं चालतात, मग मोठ्या स्टेडियमवर फुटबॉल व क्रिकेट कां चालूं नयेत? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. त्यावरून 2018 सालीं केरळांतील कोची शहरांत जो वाद उठला, त्यांत एका मराठी माणसाचेंहि नांव गोंवलेलें होतें. म्हणून तोच वाद हातीं धरून हा विषय आमच्या बालवाचकांपुढें व त्यांच्या वडीलमंडळींपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कोचीच्या कलूर भागांत जवाहरलाल नेहरू स्टेडियम आहे. तें 1996 सालीं बांधलें गेलें. 1 एप्रिल 1998 रोजीं तेथें भारत व ऑस्ट्रेलिया यांचा एकदिवसीय क्रिकेटसामना झाला, आणि सचिन तेंडुलकर यांनीं तो चक्क गोलंदाजीनें गाजविला. 32 धावांत 5 बळी त्यांनीं घेतले. पुढें 2014 सालीं इंडियन सुपर लीग ही फुटबॉलची नवी स्पर्धा निघाली व केरला ब्लास्टर्स हा संघ त्याच मैदानावर खेळूं लागला. त्या वेळीं या संघाच्या मालकांपैकीं एक तेंडुलकर हेच होते. 2017 सालीं सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक फुटबॉलस्पर्धा भारतांत भरली. तिच्यासाठीं कोचीच्या स्टेडियमची मोठी दुरुस्ती झाली, नवें गवत लाविलें गेलें, आणि फिफा या जागतिक संस्थेनें तें मैदान पसंत केलें.

दुसऱ्याच वर्षीं, मार्च महिन्यांत, बातमी आली कीं 1 नोव्हेंबरला व्हावयाचा भारत-वेस्ट इंडीज क्रिकेटसामना तिरुवनंतपुरमऐवजीं कोचीस भरवावयाचा विचार आहे. फुटबॉलचे भोक्ते खवळून उठले. सुनील छेत्री, सी. के. विनीत या नामांकित खेळाडूंनीं उघडपणें नापसंती दर्शविली. ज्यांचा सारा जन्म क्रिकेटांत गेला त्या तेंडुलकरांनींहि गवताच्या नुकसानीबद्दल काळजी व्यक्त केली, व दोन्ही खेळांच्या चाहत्यांची निराशा होणार नाहीं असा निर्णय व्हावा अशी इच्छा प्रकट केली. अखेर सामना तिरुवनंतपुरमलाच झाला. वेस्ट इंडीजचा डाव 104 धावांत आटोपला व भारतानें 9 गडी राखून विजय मिळविला.

वरवर पाहणारास हा निव्वळ हेवा वाटेल. क्रिकेटला पैसा, क्रिकेटला मान. म्हणून फुटबॉलवाल्यांच्या पोटांत दुखतें, असें कित्येकांनीं म्हटलेंहि असेल. परंतु भांडण मातीचें होतें, आणि तें समजण्यास आपण शेतकरी मुलखांतले लोक अधिक लायक आहों.

पूर्वीं सुगीच्या दिवसांत शेतांत खळें करीत असत, तें आपल्यापैकीं पुष्कळांच्या आजोबांनीं पाहिलेलें असेल. जागा साफ करावयाची, पाणी शिंपडावयाचें, बैल फिरवून ती घट्ट करावयाची, आणि वरून शेणानें सारवावयाची. क्रिकेटची खेळपट्टी हें एक खळेंच समजा. 22 यार्ड, म्हणजे सुमारें 20 मीटर लांब व 10 फूट रुंद असा हा पट्टा. त्यांत चिकणमाती भरपूर, आपल्या भूमकडील काळ्या रानासारखी. ओलसर असतां तिच्यावर जड रोलर पुन्हां पुन्हां फिरवितात, व वाळल्यावर ती दगडासारखी होते. चेंडू उसळावा म्हणूनच हा खटाटोप असतो. मोठ्या मैदानांत असा पट्टा एकटा नसतो. एकाशेजारीं एक असे अनेक पट्टे मिळून मधोमध एक चौक झालेला असतो.

फुटबॉलला हवें तें नेमकें याच्या उलट. मोठ्या सामन्यांस 105 मीटर लांब व 68 मीटर रुंद एवढ्या सबंध क्षेत्रावर गवत सारखें पाहिजे, जमीन पायाखालीं किंचित दबणारी पाहिजे, आणि पाऊस पडला तर पाणी तात्काळ खालीं उतरलें पाहिजे. म्हणून उत्तम मैदानाच्या वरच्या थरांत वाळू पुष्कळ घालतात व त्याखालीं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पुरतात. उष्ण हवेच्या देशांत तेथें बर्म्युडा गवत लावण्याची चाल आहे. नांव ऐकून दबकून जाण्याचें कारण नाहीं. ती आपली हराळीच, गणपतीला वाहावयाची दूर्वा! जी उपटतां उपटतां आपल्या शेतकऱ्याची कंबर मोडते, तिच्याच वाणांवर शहरांत पैसा ओततात. हराळीचें बळ तिच्या जमिनीलगत सरपटणाऱ्या कांड्यांत आहे. त्या कांड्या एकमेकींत गुंतून जाळें झालें म्हणजे खेळाडूचे बूट रुतले तरी माती सहसा उखडत नाहीं. पण हें जाळें विणलें जाण्यास कित्येक आठवडे लागतात.

आतां या गालिच्याच्या मध्यावर चिकणमातीचें खळें आणून बसविलें तर काय होईल, तें पाहा. वाळूंतून झिरपणारें पाणी तेथें अडेल. गवतावरून मंद येणारा चेंडू त्या पट्ट्यावर येतांच भलतीच उसळी घेईल. धांवत्या खेळाडूचा पाय मऊ जागेंतून एकदम टणक जागीं पडेल, आणि त्याचा झटका गुडघ्यास व घोट्यास बसेल. सामना संपल्यावर खळें खणून काढलें व वर गवताच्या पट्ट्या अंथरल्या, तरी त्यांचीं मुळें खालीं धरीपर्यंत तो भाग ठिगळासारखाच राहतो. क्रिकेटवाल्यांची तक्रारहि खोटी नव्हे. फुटबॉलच्या बुटांच्या गुट्ट्यांनीं त्यांचा चौक उकरला गेला, तर महिनेमहिने खपून केलेलें काम फुकट जातें.

मग आपल्या वाडवडिलांनीं हे दोन खेळ एकत्र कसे नांदविले? याचें उत्तर पंचांगांत आहे. फुटबॉल पावसाळ्यांत व क्रिकेट हिंवाळ्यांत, अशी वांटणी मुंबईस व कलकत्त्यास बहुतांशीं झालेली होती. (मुंबईची कांगा लीग ही भर पावसांतली क्रिकेटस्पर्धा म्हणजे अपवाद, मुंबईकरांचा हट्टच तो.) कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर 24 सप्टेंबर 1977 रोजीं पेले यांचा कॉसमॉस संघ मोहन बागानशीं खेळला व सामना 2-2 असा बरोबरींत सुटला, तोहि पावसानें भिजलेल्या मैदानावरच. त्यानंतर थंडी पडेपर्यंत माळ्यांना मैदान सावरण्यास अवधि मिळे. इंडियन सुपर लीगचा पहिला हंगाम मात्र 12 ऑक्टोबर 2014 रोजीं सुरू होऊन 20 डिसेंबरला संपला. पावसानें घालून दिलेली वांटणी मोडली. कोरडे, सुखाचे महिने दोघांनाहि हवेसे झाले. 2018 चा हंगाम 29 सप्टेंबरला सुरू झाला, म्हणजे 1 नोव्हेंबरचा तो क्रिकेटसामना त्या चालू हंगामांतच येत होता. आमच्या मतें वादाचें खरें मूळ येथें आहे. मातीचा विरोध पूर्वींहि होताच, पण त्यावर वेळ हें औषध होतें.

परदेशांतहि हेंच दुखणें आहे. अमेरिकेंत व कॅनडांत फुटबॉल म्हणजे निराळाच खेळ. लांबट चेंडू हातांत धरून धांवावयाचें व समोरच्यास अंगाच्या जोरावर पाडावयाचें. आपल्या फुटबॉलला ते लोक सॉकर म्हणतात. टोरांटो शहरांतील बी. एम. ओ. फील्ड हें सॉकरचें मैदान दुरुस्त करून 2016 सालीं तेथें आर्गोनॉट्स हा 1873 सालचा जुना फुटबॉलसंघ आणला, तेव्हां सॉकरच्या प्रेक्षकांनीं अशाच शंका काढल्या: गवत उखडेल, दुसऱ्या खेळाच्या रेषा दिसतील, मैदान लांबवितांना दोन्ही टोंकांची बैठक बिघडेल. त्याच वर्षीं 27 नोव्हेंबरला तेथें कॅनडाच्या फुटबॉलचा अंतिम सामना झाला, आणि तिसऱ्या दिवशीं टोरांटोच्या सॉकरसंघानें त्याच गवतावर माँट्रियलचा 5-2 असा पराभव केला. तेथें कसेंबसें निभावलें. लंडनच्या वेंब्ले मैदानावर मात्र 28 ऑक्टोबर 2018 रोजीं अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला, व दुसऱ्याच रात्रीं टॉटनहॅम आणि मँचेस्टर सिटी हे संघ उतरले, तेव्हां आदल्या दिवसाच्या खुणा गवतावर स्पष्ट दिसत होत्या. पुढें टॉटनहॅमनें 2019 सालीं आपलें नवें स्टेडियम उघडलें. त्यांतील गवताचें मैदान तीन तुकड्यांत सरकून बाजूस जातें व खालीं दुसरें मैदान उघडें होतें. ऑस्ट्रेलियांत केरी पॅकर यांना 1977 सालीं क्रिकेटचीं नेहमींचीं मोठीं मैदानें मिळेनात, तेव्हां खेळपट्टी बाहेर तयार करून ती उचलून मेलबर्नच्या एका फुटबॉलच्या मैदानांत बसविण्याची युक्ति निघाली. उपाय आहेत; पण ते धनवंतांचे आहेत.

आपल्या मुलखांत नवी मुंबईच्या डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर 6 फेब्रुवारी 2022 रोजीं स्त्रियांच्या आशियाई फुटबॉलस्पर्धेचा अंतिम सामना झाला, आणि 27 मार्चला, म्हणजे 49 दिवसांनीं, तेथें इंडियन प्रीमियर लीगचें क्रिकेट सुरू झालें. त्याच वर्षाच्या 30 ऑक्टोबरला पुन्हां मुलींच्या जागतिक फुटबॉलस्पर्धेचा अंतिम सामना! माळ्यांचें कौतुक करावें तेवढें थोडें. तरीहि अशा वर्तुळाकार मैदानांत फुटबॉलच्या प्रेक्षकाचें एक दुःख राहतेंच: कडेच्या रेषेपासून तो बराच दूर बसतो. गोव्यांत मडगांवच्या फातोर्डा स्टेडियमवर 1989 पासून क्रिकेटचे आंतरराष्ट्रीय सामने होत. 2017 च्या जागतिक स्पर्धेच्या आधींच गोंवेकरांनीं तें फुटबॉलच्या पदरांत टाकलें होतें. फुटबॉलवर ज्यांचा जीव आहे त्यांस यजमानाच्या दारीं पाहुण्यासारखें राहणें रुचत नाहीं. कोल्हापुरांत पेठापेठांचे संघ राजर्षी शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हां गर्दी कां लोटते, याचें एक कारण तें मैदान ते आपलें समजतात, हें असावें.

कोचीच्या निकालाबद्दल मात्र आमचें मत थोडें वेगळें आहे. ज्या तिरुवनंतपुरमच्या मैदानावर तो सामना गेला, तेथेंच 3 जानेवारी 2016 रोजीं भारतानें अफगाणिस्तानचा 2-1 असा पराभव करून दक्षिण आशियाई फुटबॉलस्पर्धा जिंकली होती. म्हणजे एका गांवचें गवत वांचविलें, तें दुसऱ्या गांवच्या गवतावर भार टाकून. तेथील फुटबॉलच्या मुलांस कोणीं विचारलें?

आपल्या भूम तालुक्यांतील शाळांजवळ ना वाळूचे थर आहेत ना नळ्या. एकच पटांगण असतें, आणि थोर मुलें त्याच्या अगदीं मधोमध खेळपट्टी चोपतात. मग पावसाळ्यांत फुटबॉल खेळणारीं लहान मुलें तिच्यावर घसरतात. यावर खर्चावांचून होणारी एक गोष्ट आहे. साध्या सामन्यांस फुटबॉलचें क्षेत्र 90 मीटर लांब व 45 मीटर रुंद असलें तरी नियमांत बसतें, व लहान मुलांकरितां तें याहूनहि कमी करतां येतें. तें पटांगणाच्या एका अंगास सरकवावें आणि क्रिकेटची खेळपट्टी त्याच्या लांब रेषेबाहेर, तिला समांतर घ्यावी. खोखोची जागा मात्र या दोहोंच्या आधीं आंखावी. 2020 सालीं अर्जुन पुरस्कार मिळविणाऱ्या सारिका काळे आपल्याच जिल्ह्याच्या. खोखोंत मुलींना जमिनीवर झोंकून द्यावें लागतें. त्या 27 मीटर लांब व 16 मीटर रुंद तुकड्यावर रोलर कधींहि नेऊं नये, आणि उन्हाळ्यांत तेथील माती कुदळीनें हलवून, खडे वेंचून, पाणी शिंपडून ठेवावी.