तलावातला गाळ आणि रस्त्यावरचे ओझे

भिवापूर हा नागपूर जिल्ह्याच्या आग्नेय भागातला, मिरचीसाठी ओळखला जाणारा तालुका. पूर्व विदर्भातल्या मालगुजारी तलावांच्या पट्ट्यात तो येतो. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पाच जिल्ह्यांत असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. त्यांतले कित्येक गाळाने उथळ झाले. 2017 साली राज्य शासनाने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना सुरू केली. तलावातला गाळ काढायचा आणि शेतकऱ्यांनी तो शेतात न्यायचा, अशी ही योजना. पण गाळ कोणत्या वाटेने न्यायचा, हा प्रश्न बहुधा शेवटी विचारला जातो. तो आधी का विचारावा, ते पाहू.

समजा, 4 हेक्टरच्या तलावातून अर्धा मीटर जाडीचा गाळ काढायचा आहे. 40,000 चौरस मीटर गुणिले 0.5, म्हणजे 20,000 घनमीटर गाळ. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत सुमारे एक ब्रास, म्हणजे 2.83 घनमीटर माल मावतो, असे धरू. म्हणजे सात हजारांहून अधिक खेपा! तलाव आटल्यापासून पाऊस येईपर्यंत 40 दिवस मिळाले, तर रोज सुमारे 175 खेपा. जाणे-येणे धरून 350 फेऱ्या. दहा तास काम चालले, तर गावातल्या रस्त्यावरून दर दोन मिनिटांच्या आत एक ट्रॉली जाईल. शिवाय खणलेला गाळ फुगतो, म्हणून खेपा प्रत्यक्षात वाढतातच.

आता वजनाकडे वळू. अमेरिकेत इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात रस्त्यांवर मोठ्या चाचण्या झाल्या. एका आसावरचा भार वाढला की रस्त्याची हानी त्याच्या साधारण चौथ्या घातात वाढते, असे त्यांतून दिसले. भार दुप्पट केला तर हानी सोळा पट. भार फक्त सव्वापट केला, तरी हानी जवळजवळ अडीच पट. एक खेप वाचवण्यासाठी टिप्पर शिगोशीग भरला, तर वाचलेल्या डिझेलपेक्षा रस्त्याची दुरुस्ती महाग पडते.

तलावातही हाच भार काम करतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या चाकाखाली दबतात. ओली माती तर अधिकच दबते. बरीचशी दाब-हानी पहिल्या काही फेऱ्यांतच होते. म्हणून वाहने तळभर हिंडू न देता एकच वाट आखून द्यावी. म्हणजे उरलेल्या काठावर कमळ, देवधान आणि गवत पुन्हा उगवू शकते. पाळीवरून वाहतूक मुळीच नको. चाकोऱ्यांत पावसाचे पाणी साचते, माती वाहू लागते आणि पाळ फुटण्याची भीती निर्माण होते. उतरण्यासाठी टाकलेला भराव पावसाळ्यापूर्वी काढला नाही, तर तलावात येणारे पाणीच अडते.

कायद्याने काय करता येते? मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 115 नुसार राज्य शासन किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी एखाद्या रस्त्यावरची वाहतूक बंद किंवा मर्यादित करू शकतो. निर्बंध एक महिन्यापेक्षा जास्त नसेल, तर राजपत्राची गरज नसते. स्थानिक प्रसिद्धी पुरते. भरलेल्या ट्रॉल्या एका रस्त्याने आणि रिकाम्या दुसऱ्या रस्त्याने, शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी वाहतूक बंद, असे नियम यात बसवता येतात. भिवापूर तालुक्याचा काही भाग उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात आहे. उन्हाळ्यात जनावरे पाण्यावर येतात, म्हणून जंगलालगत सूर्यास्तापूर्वी काम थांबवणे शहाणपणाचे.

पाणथळ जागांसाठी 2017 चे केंद्रीय नियम आहेत. पण खास सिंचनासाठी बांधलेले तलाव त्यांतून वगळले आहेत. त्यामुळे अशा तलावांची काळजी बरीचशी गावाच्या हाती राहते.

आपल्या गावच्या तलावाचे हेच गणित विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. क्षेत्रफळ, गाळाची जाडी, खेपा, वाट आणि वाटेवरची शाळा, विहीर, मोरी एका नकाशावर मांडावी. तो नकाशा पहिली ट्रॉली तलावात उतरण्यापूर्वी ग्रामसभेत ठेवला, तर त्याचा खरा उपयोग होईल.