कागदाची जबानी

चित्रकाराने रंगविलेले चित्र एकच असते आणि त्याची नक्कल ही नक्कलच ठरते. परंतु छायाचित्राच्या बाबतीत हा सरळ हिशेब लागू पडत नाही, कारण एका निगेटिव्हपासून आज एक, वीस वर्षांनी दुसरी आणि छायाचित्रकाराच्या पश्चात त्याच्या वारसांनी तिसरी प्रत काढली, तरी तिन्हींवर उमटलेला क्षण तोच असतो. अशा वस्तूस अस्सल कोणत्या अर्थाने म्हणावयाचे, ह्या तात्त्विक प्रश्नात बाजार फार वेळ गुंतला नाही. छायाचित्र टिपल्यावर थोड्याच अवधीत छायाचित्रकाराने स्वतः अथवा त्याच्या देखरेखीखाली काढलेली प्रत ती ‘व्हिंटेज’, आणि तिचा भाव उत्तरकालीन प्रतींच्या अनेक पट, अशी वहिवाट न्यूयॉर्कच्या व लंडनच्या लिलावगृहांतून पडून गेली. अॅन्सेल अॅडम्सने १९४१ साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला, १९४८ मध्ये त्या निगेटिव्हवर रासायनिक संस्कार केला आणि पुढे कित्येक वर्षे तिच्यावरून हजाराहून अधिक प्रती काढल्या. आरंभीच्या प्रतींत आकाश करडे, ढगाळ आहे. उत्तरकालीन प्रतींत ते जवळजवळ काळेभोर झाले आहे. अॅडम्सच्या हातची प्रत्येक प्रत अस्सलच, आणि उत्तरकालीन प्रती अधिक भव्य आहेत असे माझे प्रांजळ मत. परंतु दुर्मिळतेमुळे मोल मात्र आरंभीच्यांना अधिक.

जेथे तारखेस एवढे मोल येते, तेथे तारखेची बनावट व्हावयाची, हे ओघानेच आले. लुइस हाइन हा अमेरिकन छायाचित्रकार गिरण्यांत व खाणींत राबणाऱ्या बालकांची छायाचित्रे काढून त्या प्रथेविरुद्ध लोकमत जागृत करणारा. यंत्रावर वाकलेल्या कामगाराचे त्याचे १९२० सालचे चित्र विशेष प्रसिद्ध आहे. १९४० मध्ये तो विपन्नावस्थेत वारला. पन्नासएक वर्षांनी त्याच्या गाजलेल्या चित्रांच्या सुरेख, टवटवीत प्रती, कित्येकींवर त्याची सही व रबरी शिक्का अशा थाटात, बाजारात मोठ्या संख्येने दिसू लागल्या. त्या एका प्रतिष्ठित छायाचित्रकाराकडून आल्या होत्या. हा गृहस्थ हाइनचा परिचित, त्याच्या कार्याचा पुरस्कर्ता आणि म्हणूनच विश्वासाचे मूर्तिमंत प्रमाणपत्र मानला गेलेला. (तो आज हयात नाही आणि अपराधाची कबुली त्याने दिली नाही, तेव्हा नाव घेण्याचे कारण नाही.) इतक्या प्रती, आणि इतक्या निर्दोष, आल्या कोठून, ही शंका भौतिकशास्त्राचे शिक्षण झालेल्या एका संग्राहकास आली, आणि त्याने सहीकडे पाहावयाचे सोडून कागदाची तपासणी करविली.

तपासणी अगदी साधी होती. अंधाऱ्या खोलीत अतिनील किरणांचा दिवा प्रतीवर धरावयाचा. कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून कारखानदार त्यात एक द्रव्य मिसळतात, आणि तशाच जातीचे द्रव्य कपडे धुण्याच्या पावडरीतही असते; अतिनील किरण शोषून ते निळसर प्रकाश परत फेकते. छायाचित्रणाच्या कागदात ह्या द्रव्याचा वापर रूढ झाला तो १९५० नंतरच्या दशकात. हाइनच्या नावाच्या अनेक प्रती त्या दिव्याखाली निळ्या उजळल्या, म्हणजे ज्या कागदावर मृत माणसाची सही होती तो कागद त्याच्या हयातीत जन्मासच आलेला नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली कागदाच्या तंतूंची परीक्षा झाली, तिनेही हीच साक्ष दिली. पुढे १९९९ च्या सुमारास प्रकरण आपसांतील तडजोडीने मिटले. परंतु जाणकारांची नजर आणि विक्रेत्याचा शब्द ह्या दोन खांबांवर उभा असलेला व्यापार त्या निळ्या उजेडाने हादरला.

ह्या परीक्षेत हात असलेला बॉस्टनचा संवर्धक पॉल मेसिए ह्याने नंतर जे आरंभिले, ते मला त्या प्रकरणाहूनही मनोवेधक वाटते. शंकित कागदाची तुलना करावयाची तर ज्याची तारीख निश्चित आहे असा कागद हाताशी हवा. आणि असे दप्तर कोठेच नव्हते, कारण वापरला न गेलेला फोटोचा कागद जपून ठेवण्यासारखी वस्तू आहे, हे कोणाच्या स्वप्नीही आले नव्हते. मेसिएने बंद पडलेल्या स्टुडिओंतील पाकिटे आणि कारखानदारांच्या नमुन्यांच्या वह्या मिळेल तेथून विकत घेऊन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचे हजारो नमुने जमविले, आणि प्रत्येकाची जाडी, चकाकी, मूळ रंगाची छटा व पृष्ठभागाची वीण मोजून नोंदविली. वीण टिपण्याची युक्ती अशी, की प्रकाश अगदी तिरका सोडावयाचा, म्हणजे डोळ्यास गुळगुळीत भासणाऱ्या पृष्ठभागावरही टेकड्या व दऱ्या सावल्यांसह उभ्या राहतात. २०१५ पासून हे कार्य येल विद्यापीठाच्या ‘लेन्स मीडिया लॅब’मध्ये चालू आहे. कोडॅकने कृष्णधवल कागदाचे उत्पादन २००५ साली थांबविले आणि त्याच वर्षी जर्मनीतील आग्फाफोटोचे दिवाळे वाजले, तेव्हा हे दप्तर वेळीच भरले गेले असे म्हणावे लागते.

हयात छायाचित्रकारांच्या बाबतीत मामला निराळा. तेथे प्रतीबरोबर दाखला मिळतो, त्यावर आवृत्तीची संख्या असते, आणि ग्राहक समजतो की ह्याउपर प्रत निघणे नाही. विल्यम एगल्स्टनने आपल्या जुन्या रंगीत चित्रांच्या मोठ्या आकाराच्या, नव्या तंत्राने छापलेल्या ३६ प्रती २०१२ साली लिलावात विकल्या, तेव्हा आपल्या प्रतींचे मोल घटले अशी फिर्याद एका संग्राहकाने केली. आकार व तंत्र भिन्न असल्याने ही निराळीच आवृत्ती होय, असे ठरवून न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ती २०१३ मध्ये नामंजूर केली. तात्पर्य, दाखल्याचा मजकूर वाचताना संख्येइतकेच आकाराच्या व तंत्राच्या रकान्याकडे लक्ष पुरवावे.

कागदाच्या जबानीसही मर्यादा आहेत. तो उजळला तर तारीख खोटी ठरते. परंतु तो काळाच राहिला म्हणून ती खरी ठरत नाही, कारण शुभ्रकारक द्रव्य नसलेले कागद पुढेही निघत राहिले, आणि एखाद्या धूर्त इसमाने खरोखरीच जुने पाकीट पैदा केले असणे अशक्य नाही. मात्र अशा इसमाची एक पंचाईत होते. जुना कागद अंधारात राहूनही कालांतराने आपोआप काळवंडतो, त्यावर शुद्ध पांढरा रंग उमटत नाही, आणि हाइनच्या त्या प्रतींना गिऱ्हाईक लाभले होते ते त्यांच्या टवटवीतपणामुळेच.