निवासी डॉक्टर विद्यार्थी की कर्मचारी? ड्युटीचे तास नेमके किती?

केईएम, ससून किंवा घाटीसारख्या सरकारी रुग्णालयात मध्यरात्री पेशंट घेऊन गेलात, तर आधी भेटतात ते बहुधा निवासी डॉक्टर. एमबीबीएस झालेले हे डॉक्टर ३ वर्षांचं एमडी किंवा एमएस करत असतात. त्यांना पगार नाही, विद्यावेतन मिळतं. म्हणजे कागदावर विद्यार्थी, पण वॉर्ड आणि इमर्जन्सी चालते ती त्यांच्याच जिवावर.

मग त्यांनी काम किती तास करायचं? १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत उत्तर आहे: आठवड्याला ४८ तास, सलग १२ पेक्षा जास्त नाही. प्रत्यक्षात सलग २४ किंवा ३६ तासांच्या ड्युटीचं कुठल्याही निवासी डॉक्टरला नवल वाटणार नाही. २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत तर आकडाच नाही. काम 'वाजवी' तास, विश्रांतीलाही 'वाजवी' वेळ. आता वाजवी म्हणजे किती, हे विभागानेच ठरवायचं! आठवड्याला एक सुट्टी आणि वर्षाला २० पगारी रजा मात्र लिहिलेल्या आहेत. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्याच कृती दलाने कमाल ७४ तास सुचवले. ती शिफारस आहे, नियम नाही. आणि ७४ म्हणजे जुन्या ४८ पेक्षा तब्बल २६ तास जास्त.

प्रश्न फक्त झोपेचा नाही, शिकण्याचाही आहे. पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरचा, म्हणजे जेआर वनचा दिवस रक्त काढणं, नमुने लॅबला पोहोचवणं, रिपोर्टच्या मागे धावणं, फॉर्म भरणं यात जातो. वॉर्डबॉय, टेक्निशियनच्या जागा रिकाम्या असल्या की तेही काम त्याच्याचकडे. नस चटकन सापडायला हाताला सवय लागते, हे खरं. पण पन्नासावा नमुना लॅबला नेऊन सर्जरी येत नाही.

तक्रार का होत नाही? लॉगबुकवर सही गाइडची, थिसिसही त्यांच्याच हाताखाली, आणि ड्युटी लावणारे त्याच विभागातले वरिष्ठ. थिसिस मान्य झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. मध्येच सीट सोडावी, तर अनेक राज्यांत बाँडचे पैसे भरावे लागतात. एकट्याने बोलणं परवडत नाही, म्हणून मग 'मार्ड' ही त्यांची संघटना संपावर जाते. त्या दिवसांत ओपीडी सांभाळायला प्राध्यापक उतरतात आणि ठरलेली ऑपरेशन्स पुढे ढकलली जातात.