वेब्लीत कुठलं काडतूस घालायचं?

पहिल्या महायुद्धावरचे गेम खेळत असाल, तर वेब्ली मार्क ६ ओळखीचं असेल. १९१५ मध्ये ब्रिटिश लष्करात आलेलं, सहा गोळ्यांचं, किलोभराहून जास्त वजनाचं धूड! गेममध्ये ते कायम टकाटक असतं. अमेरिकेत मात्र हे जुनं रिव्हॉल्व्हर एखाद्या संग्राहकाच्या टेबलावर आलं, की पहिला प्रश्न नेमाचा नसतोच. यात काडतूस कुठलं घालायचं?

मूळ काडतूस पॉइंट ४५५चं. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराची जुनी वेब्ली अमेरिकेत विकायला आली, पण तिथे हे काडतूस सहज मिळेना. पॉइंट ४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस मात्र गल्लोगल्ली. मग जुगाड झाला. सिलिंडरची मागची बाजू किंचित तासली, क्लिपमध्ये अडकवून एसीपी बसवलं. बसलं ना, मग चालतंय की! पण कारखान्यातल्या एसीपीचा दाब मूळ काडतुसापेक्षा बराच जास्त असतो. बार उडतो, पुन्हा उडतो, आणि एक दिवस सिलिंडरच फुटू शकतं.

म्हणून आधी झडती. रिव्हॉल्व्हर रिकामं आहे ना, हे पहिलं. अंगठ्याने खटका दाबला की नळी पुढे झुकते आणि सिलिंडर उघडं पडतं. मागची बाजू तासलेली आहे का? नळीच्या बिजागरीत खेळ आहे का? घोडा ओढून, चाप दाबून धरून सिलिंडर हलवून बघायचं. ते डुगडुगलं, तर गोळी नळीच्या तोंडावर घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. नळीत उजेड टाकल्यावर गडद कडं दिसलं, तर कधीतरी आत गोळी अडकलेली असताना मागून दुसरी झाडली गेली असावी.

(आपल्याकडे पणजोबांच्या ट्रंकेत असं काही निघालं, तर यातलं काहीही करू नका. १९५९चा शस्त्र कायदा आहे. हात न लावता पोलिसांना कळवा.)

झडतीत पास झालं, तरी पहिला बार हातातून नाही. रेंजवर, जाणकार गनस्मिथच्या देखरेखीखाली रिव्हॉल्व्हर जड चौकटीला घट्ट बांधतात, चापाला दोरी लावतात आणि आडोशामागून ओढतात. काडतूस एकच, मूळ दाबाचं, शिशाच्या गोळीचं. मग पुंगळी बघायची: फुगली का, चिरली का, बुडाच्या प्रायमरवरचा ठोका मधोमध आहे का? सहाही खणांची अशी परीक्षा होते. एक पुंगळी जरी चिरली, तरी चाचणी तिथेच थांबते आणि वेब्ली काचेच्या कपाटात जातं.