ख्रिस्ती जीवनात नित्य शास्त्राभ्यासाचे मोल

धर्मग्रंथाला घरात दोन जागा असतात, एक देव्हाऱ्यातली आणि दुसरी हातातली. रेशमी वस्त्रात गुंडाळून उच्चासनावर ठेवलेल्या ग्रंथाला मनुष्य नमस्कार करतो. समासात खुणा केलेल्या आणि वाचून वाचून कडा मऊ झालेल्या ग्रंथाशी तो बोलतो. ख्रिस्ती लोकांनी बायबलला, म्हणजेच पवित्र शास्त्राला, आदराची जागा दिली आहेच. परंतु ख्रिस्ती जीवनाची खरी घडण झाली ती हातातल्या ग्रंथाने. या ठिकाणी एक शंका सहज उद्भवते. उधळ्या पुत्राची कथा किंवा चांगल्या शोमरोन्याचा दाखला एकदा ऐकला की समजतो. मग ठाऊक असलेली गोष्ट रोज उठून पुन्हा वाचण्याचे प्रयोजन काय?

या शंकेचे उत्तर शोधताना प्रथम हे ध्यानी घेतले पाहिजे की, शास्त्रपठणाची ही रीत ख्रिस्ती मंडळीहूनही जुनी आहे. मोशेच्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवावीत, घरी असताना आणि वाटेने जाताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोलत राहावे, असा दंडक घालून दिला आहे. बाबेलच्या बंदिवासातून परतलेले यहूदी लोक यरुशलेमेत एकत्र जमले, तेव्हा एज्रा शास्त्र्याने पहाटेपासून दोन प्रहरपर्यंत नियमशास्त्र वाचून दाखवले आणि लेव्यांनी लोकांना त्याचा अर्थ समजावून दिला, असे नहेम्याच्या पुस्तकात नमूद आहे. पुढे गावोगावच्या सभास्थानांत दर शब्बाथवारी शास्त्रवाचन होऊ लागले. प्रभू येशू नासरेथच्या सभास्थानात यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचावयास उभा राहिला, तेव्हा तेथे जाणे हा त्याचा नित्याचा परिपाठच होता, असे लूक सांगतो.

या परिपाठाचे फळ काय, हे शुभवर्तमानातील एका प्रसंगावरून उत्तम रीतीने कळते. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर अरण्यात येशूची परीक्षा झाली. सैतानाने तीन वेळा मोह घातला आणि तिन्ही वेळा येशूने शास्त्रवचनानेच उत्तर दिले. ही तिन्ही उत्तरे ‘अनुवाद’ या एकाच पुस्तकातील, त्याच्या सहाव्या व आठव्या अध्यायांतील आहेत. त्या निर्जन रानात ग्रंथ उघडून पाहण्याची सोय नव्हती. जे आधी अंतरी साठवले होते, तेच त्या वेळी कामी आले. तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही आपल्याकडील म्हण या प्रसंगाला तंतोतंत लागू पडते. नित्य अभ्यास म्हणजे तहानेपूर्वी खणलेली विहीर होय.

परंतु याच प्रसंगात एक दुसरी गोष्ट आहे आणि तिच्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. सैतानानेही शास्त्रवचनच पुढे केले होते. मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाक, देव तुला सांभाळील, असे सुचवताना त्याने एक्याण्णवाव्या स्तोत्राचा आधार घेतला. वचन खरे होते, पण त्याचा उपयोग खोटा होता. तात्पर्य, शास्त्रातील एखादे वाक्य ठाऊक असणे आणि शास्त्र समजणे यांत फार मोठे अंतर आहे. ते अंतर ओलांडण्यास ग्रंथाशी दीर्घ आणि समग्र परिचय लागतो.

समग्र परिचयाची गरज बायबलच्या रचनेतूनच उत्पन्न होते. तो एक ग्रंथ नसून ग्रंथांचा संग्रह आहे. प्रॉटेस्टंट पंथीयांच्या बायबलात ६६ पुस्तके आहेत, तर कॅथलिक पंथीयांच्या बायबलात ७३. त्यांत इतिहास आहे, कायदे आहेत, काव्य आहे, संदेष्ट्यांचे कोरडे ओढणारे शब्द आहेत आणि प्रेषितांची पत्रे आहेत. आज दिसणारे अध्यायांचे आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली आहे. नव्या कराराच्या वचनांना आजचे क्रमांक मिळाले ते १५५१ साली, रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाच्या आवृत्तीत. या आकड्यांमुळे वचन शोधणे सोपे झाले. तसेच ते त्याच्या जागेवरून उपटून काढणेही सोपे झाले.

अशा उपटलेल्या वचनांनी इतिहासात मोठे अनर्थ घडवले आहेत. अमेरिकेतील गुलामांचे मालक, दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे अशा अर्थाची पौलाच्या पत्रांतील वाक्ये पुढे करीत. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीज बेटांवरील गुलामांसाठी बायबलमधील निवडक भागांचे एक पुस्तक छापण्यात आले. मिसरच्या दास्यातून इस्राएल लोक कसे मुक्त झाले, ही निर्गम पुस्तकातील कथा त्यातून वगळली होती. का वगळली, हे सांगावयास नकोच. मात्र ज्या गुलामांच्या कानी ती कथा अन्य मार्गांनी पोहोचली, त्यांनी तीवर गीते रचली आणि मोशेला आपला मानले. ग्रंथ तोच, परंतु निवडून वाचणाऱ्याला त्यात आपल्या स्वार्थाचे समर्थन सापडले आणि ज्याच्यापासून तो लपवला होता त्याला मुक्तीचा संदेश सापडला. नित्य आणि क्रमवार वाचनाचे मोल येथे प्रत्ययास येते. क्रमाने वाचणाऱ्याला आवडता भाग निवडून नावडता टाकता येत नाही. क्षमेचे स्तोत्र ज्या ग्रंथात आहे, त्याच ग्रंथात आमोस संदेष्टा खोट्या तराजूने गरिबांना नाडणाऱ्या व्यापाऱ्यांना धारेवर धरतो; आणि एखाद्या सकाळी वाचकासमोर नेमका तोच अध्याय येतो.

हे क्रमवार वाचन निभावे म्हणून निरनिराळ्या काळी निरनिराळ्या योजना निघाल्या. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी नियम केला, की १५० स्तोत्रे आठवड्याभरात म्हणून व्हावीत आणि श्रमाच्या तासांबरोबर वाचनाचेही तास राखावेत. जर्मनीतील हेर्नहुट येथील मोरेवियन बंधुसमाजात १७२८ पासून प्रत्येक दिवसासाठी एक वचन ठरवून देण्याची पद्धत सुरू झाली. १७३१ पासून ती वचने वार्षिक पुस्तकरूपाने निघू लागली आणि आजही निघतात. रोमन कॅथलिक मंडळीत दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सर्व श्रद्धावंतांना शास्त्राचे द्वार मोकळे असावे, असे आग्रहाने प्रतिपादन केले आणि त्यानंतर रविवारच्या वाचनांसाठी तीन वर्षांचा क्रम आखण्यात आला. प्रॉटेस्टंट बायबलात एकूण १,१८९ अध्याय आहेत. दररोज तीन-चार अध्याय वाचणाऱ्याचा संपूर्ण ग्रंथ वर्षात पुरा होतो. ज्याला एवढी सवड नाही, त्याने रोज एकच अध्याय वाचला तरी मार्काचे शुभवर्तमान सोळा दिवसांत संपते.

तथापि केवळ पाने उलटणे म्हणजे अभ्यास नव्हे. अभ्यासकाला प्रत्येक उताऱ्याला काही साधे प्रश्न विचारावे लागतात. हे कोण कोणाला सांगत आहे? कोणत्या प्रसंगी सांगत आहे? याच्या मागेपुढे काय आहे? त्या काळच्या ऐकणाऱ्यांना याचा काय अर्थ वाटला असेल? आणि अखेरीस, हे खरे असेल तर आज आपल्या वागण्यात काय बदलले पाहिजे? या प्रश्नांपैकी पहिले चार टाळले तर वाचन मनमानी होते. पाचवा टाळला तर ते निष्फळ होते. काही अध्याय कोरडे लागतात, वंशावळ्यांच्या याद्या कंटाळा आणतात आणि काही स्तोत्रांतील शत्रूविषयीचे कठोर उद्गार मनाला बोचतात. असे भाग आले म्हणून अभ्यास सोडण्याचे कारण नाही. जाणत्या माणसाला विचारावे आणि मंडळीत बसून चार जणांसह वाचावे. हबशी राणीचा खजिनदार रथात यशयाचे पुस्तक वाचीत होता. वाटाड्यावाचून हे कसे उमजणार, असे त्यानेही फिलिप्पापाशी निःसंकोच कबूल केले होते.

विसाव्या शतकात नित्य पठणाची कसोटी पाहणारा प्रसंग जर्मन धर्मपंडित डीट्रिख बोनहॉफर यांच्या आयुष्यात आला. हिटलरच्या राजवटीला विरोध केल्याने एप्रिल १९४३ मध्ये त्यांना अटक झाली आणि बर्लिनच्या टेगेल तुरुंगात ठेवण्यात आले. तेथून लिहिलेल्या पत्रांत ते रोज स्तोत्रे वाचीत असल्याचा उल्लेख येतो. ही सवय तुरुंगाच्या भीतीने जडलेली नसून कित्येक वर्षांची होती. ९ एप्रिल १९४५ रोजी त्यांना फाशी देण्यात आले. नित्य पठणाने त्यांचे प्राण वाचवले नाहीत. परंतु त्या दोन वर्षांत त्यांनी आपले धैर्य आणि इतर कैद्यांविषयीची आस्था टिकवून धरली, आणि त्या धैर्याचा झरा कोठे होता हे त्यांची पत्रेच सांगतात.

मराठी भाषेलाही या परंपरेचा समृद्ध वारसा लाभला आहे. गोमंतकात फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलमधील कथा ओवीबद्ध करून ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या नवख्रिस्ती लोकांना त्यांच्याच ओळखीच्या रूपात शास्त्रकथा मिळावी, हा त्यामागील हेतू होता. १८११ साली बंगालमधील सेरामपूर येथून विल्यम कॅरी यांनी नवा करार मराठीत प्रसिद्ध केला. बेळगावात १८३१ साली जन्मलेल्या बाबा पदमनजींनी नव्या करारावर मराठीत टीका लिहून सामान्य वाचकाच्या हाती अभ्यासाचे साधन दिले. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार हाती ठेवला आणि नारायण वामन टिळक तो वाचू लागले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधून घेतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या परंपरेतील सर्वांत बोलके उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. संस्कृत शास्त्रपुराणांत पारंगत असलेल्या या विदुषीला इंग्लंडमध्ये योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा भिडली; समाजाने झिडकारलेल्या स्त्रीशी ख्रिस्त ज्या आदराने बोलला, त्याने त्यांच्या मनाची पकड घेतली. ती कथा त्यांनी मनातच ठेवली नाही. पुण्याजवळ केडगाव येथे त्यांनी उभारलेल्या मुक्तिसदनात विधवांना, दुष्काळपीडित मुलींना आणि निराधार स्त्रियांना आश्रय मिळाला. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांचा अभ्यास केला आणि आयुष्याची अखेरची वर्षे संपूर्ण बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद करण्यात वेचली. अल्पशिक्षित खेडवळ बाईलाही स्वतः वाचून समजावे, हा त्यांचा ध्यास होता. मुक्तिसदनातील स्त्रियांनीच तेथील छापखान्यात त्याच्या छपाईचे काम केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, त्यापूर्वी अनुवाद पुरा झाला होता. गुलामांसाठी निवडक भाग छापणाऱ्यांनी शास्त्र कातरून दिले होते. रमाबाईंनी निराधार स्त्रियांच्या हाती ते समग्र दिले.

अभ्यासात एक धोका मात्र आहेच आणि तो शास्त्रानेच सांगून ठेवला आहे. वचने पाठ झाली की मनुष्याला विद्वत्तेचा ताठा चढतो आणि तो दुसऱ्याला मापू लागतो. येशूच्या काळचे शास्त्री वचने मुखोद्गत असणारेच होते, तरी त्याने सर्वांत कडक शब्द त्यांच्याचविषयी काढले. वचन ऐकून त्याप्रमाणे न वागणारा मनुष्य आरशात तोंड पाहून लगेच विसरणाऱ्यासारखा आहे, असा दृष्टांत याकोबाने दिला आहे. आरशात पाहण्याचा हेतू शेजाऱ्याच्या चेहऱ्यावरील डाग शोधण्याचा नसतो.

यावरून प्रारंभीच्या शंकेचे उत्तर मिळते. उधळ्या पुत्राची कथा बदलत नाही, वाचणारा बदलतो. तरुणपणी तो स्वतःला घर सोडून गेलेल्या धाकट्या मुलाच्या जागी पाहतो. संसारात स्थिरावल्यावर, भावाचे स्वागत पाहून दाराबाहेर रुसून उभ्या राहिलेल्या थोरल्या मुलात त्याला आपला चेहरा दिसतो. आणि स्वतःचे मूल दूर गेले की वाटेकडे डोळे लावून बसलेला बाप त्याला उमगतो. ज्याने ती कथा एकदाच वाचून ठेवून दिली, त्याला यांपैकी एकच कळतो. नित्य वाचणाऱ्याला तिघेही भेटतात आणि त्याच्या घरच्या माणसांशी वागताना त्याला त्यांची आठवण राहते.